चूं चूं वाजणारे बूट आणि वाचनालय

पानखूण

शनिवारी सकाळी घडलेलं सांगतो, मग तुम्हीच ठरवा चूक कोणाची.

आमच्या सार्वजनिक वाचनालयात एकच मोठं दालन आहे. दारापाशी देवघेव, अगदी मागच्या टोकाला बालविभाग आणि मधे लांबलचक टेबलं, तिथे आम्ही वाचणारे. मी दहाला जाऊन खिडकीजवळची खुर्ची धरली होती. साडेदहाच्या सुमारास एक बाबा आणि त्यांचा साधारण तीन वर्षांचा मुलगा आला. मुलाच्या पायात ते पाऊल टाकलं की चूं वाजणारे बूट. पहिल्या फेरीला सगळ्यांनी माना वर करून कौतुकाने पाहिलं. चौथ्या फेरीपर्यंत कौतुक आटलं होतं. एव्हाना त्याला शोध लागला होता की टाच आपटली की मोठा चूं येतो आणि पळत गेलं की चूंचूंचूं अशी माळच लागते. बाबा मोबाइलवर बोलत होते. हळू आवाजात बरं का, तोंडावर हात धरून. मी एकच परिच्छेद चार वेळा वाचला.

शेवटी ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" केलं. मुलगा थबकला. माझ्याकडे नीट पाहिलं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि दुप्पट जोरात "शूऽऽऽ!" केलं. त्याला वाटलं, खेळ आहे. अख्खं दालन हसलं. मी सोडून. मी बाबांकडे वळून म्हणालो, "अहो, हे वाचनालय आहे, बाग नाही." (माझा आवाज त्या बुटांपेक्षा मोठा होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं.)

बाबांनी फोन बंद केला, चकार शब्द न काढता मुलाला उचललं आणि निघून गेले. न्यायला काढलेलं हत्तीचं पुस्तक टेबलावर तसंच उघडं राहिलं.

तर प्रश्न असा: शांतता मागणं चूक आहे का? आणि मागायची तर कोणाकडे, कशी?

खडूस

अजिबात चूक नाही. तीन वर्षांचं मूल वाचत नाही. जो वाचत नाही त्याचं वाचनालयात काय काम? धागा संपला.

अनुस्वार

+१ द्यायला आलो होतो, पण तो नियम लावला तर रविवारची पुरवणी तोंडावर घेऊन घोरणारी मंडळीही बाहेर काढावी लागतील. हलके घ्या.

दोनपिल्लंवाली

पानखूण, तुमच्यावर राग नाही. पण त्या बाबांच्या जागी मी अनेकदा उभी राहिलेय, म्हणून लिहिते.

आत शिरण्याआधी मी दाराशी उकिडवी बसते आणि दोघांना सांगते: पळायचं नाही, ओरडायचं नाही, काही हवं असेल तर माझा हात ओढायचा. थोरली मान डोलावते. धाकटाही डोलावतो. त्याला मान डोलवायला आवडते, एवढाच त्याचा अर्थ. आत गेलं की माझं घड्याळ सुरू होतं. धाकट्याची वीस मिनिटं असतात. पंधराव्या मिनिटाला पुस्तकं घेऊन देवघेवच्या रांगेत उभं असायला हवं, आणि पुढे चार जण असतील तर कल्याणच. तो रडायला लागला की मी त्याला उचलून बाहेर नेते. वाचनालयाच्या बाहेरच्या पायरीवर मी जितका वेळ काढलाय तितका आत काढला नसेल.

आता थोरलीचं. ती अक्षरं जोडून वाचायला लागलीये. मनात वाचणं तिला अजून जमत नाही, या टप्प्यावर जमणारही नाही. बे… डू… क… बेडूक! तो शेवटचा बेडूक ओरडूनच येतो, कारण तीन तुकड्यांतून अख्खा बेडूक निघाला याचं तिला दर वेळी नवल वाटतं. त्याला मी शू करू? खडूस, हे वाचनच आहे हो. तुम्ही आवाज बंद ठेवून करता, ती आवाज लावून करते.

फोन मात्र त्या बाबांनी बाहेर जाऊन घ्यायला हवा होता. तिथे मी पानखूण यांच्या बाजूने.

शेवटचा_बाक

परीक्षेचा अभ्यास करतोय. घरी एक खोली आणि पाच माणसं. वाचनालय उघडायच्या आधी दाराशी जाऊन उभा राहतो, नाहीतर खुर्ची मिळत नाही. मला मुलं आवडतात, पण "वाचनालय सगळ्यांचं असतं" हे वाक्य नेहमी माझ्यासारख्यालाच का ऐकवतात?

बेडूक गोड आहे, मान्य. अकराव्यांदा नाही. दोनपिल्लंवाली, तुम्ही वीस मिनिटांनी निघता, त्याबद्दल खरंच आभार. पण तुमची वीस मिनिटं संपली की दुसऱ्या कोणाची तरी सुरू होतात. प्रत्येक आईला वाटतं आपण थोडाच वेळ होतो. माझ्या वाट्याला दिवसभर हे थोडे थोडे वेळच येतात.

दोनपिल्लंवाली

हा हिशोब मी कधी तुमच्या खुर्चीवरून केला नव्हता. खरं आहे.

मोजपट्टी

माझं काम सभागृहांच्या आवाजाचं, त्यामुळे प्रतिसाद जरा लांबणार.

शांत वाचनालयात साधारण ४० डेसिबल असतात, नेहमीच्या बोलण्याचे ६०. आकडे पाहून दीडपट वाटतं, पण डेसिबलची पट्टी तशी चालत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा १० पट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ४० वरून ६० ला गेलं की ऊर्जा १०० पट. मोकळ्या मैदानात आवाजापासून अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरतात. बंद खोलीत हे फार लांबवर चालत नाही. गुळगुळीत फरशी, काचा, लोखंडी कपाटं, सपाट छत. आवाज आपटून आपटून परत येतो आणि एका अंतरानंतर तुम्ही कितीही लांब जाऊन बसा, तो तेवढाच राहतो. पानखूण, तुम्ही खिडकीऐवजी कोपऱ्यात बसला असतात तरी बूट तसेच ऐकू आले असते.

एक जुनी गोष्ट सांगतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्ता काय बोलतोय तेच कळेना. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात ते काम पडलं. तिथे उच्चारलेला आवाज विरायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागत होता, म्हणजे पहिल्या शब्दाच्या डोक्यावर पुढची अख्खी दोन वाक्यं येऊन बसायची. सेबाइन रात्री, आजूबाजूला निजानीज झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि स्टॉपवॉच लावून बसायचा. गाद्या वाढतील तसा आवाज लवकर विरायला लागला. खोलीतल्या घुमाऱ्याचं आजही वापरात असलेलं सूत्र त्याच गाद्यांतून आलं. तिथे वक्त्याला "हळू बोला" सांगून काहीही झालं नसतं.

वाचनालयात छताला ध्वनिशोषक पट्ट्या, बालविभागात जाड जाजम आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, एवढ्यानेही फरक पडतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. हौशी लोक करतात, उपयोग जवळपास शून्य आणि पेट घ्यायला सोपे. आणि आवाज शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. जाड पडदा आतला घुमारा थोडा खातो, पलीकडचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं: भिंत हवी, भरीव दार हवं आणि दाराखालची फट बुजवलेली हवी.

आता खोचक प्रश्न. पानखूण, तुमचा तो परिच्छेद नक्की कोणी खाल्ला? बुटांनी, की बाबांच्या हळू आवाजातल्या फोनने? वाचताना आपलं डोकं शब्दच हाताळत असतं, त्यामुळे अर्थ कळणारं बोलणं निव्वळ गोंगाटापेक्षा जास्त नडतं. त्यातही फोनवरचं एका बाजूचं बोलणं सगळ्यात वाईट. २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं होतं. दोघांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा एकाचीच बाजू ऐकताना लोकांचं लक्ष जास्त ढळलं, कारण गाळलेली बाजू डोकं आपसूक भरत बसतं.

पानखूण

बाबांचं "मग ती काय म्हणाली?" हे वाक्य मला आज चार दिवसांनीही आठवतंय. आणि ती काय म्हणाली ते कळलंच नाही, याची चुटपुटही आहे. बुटांची एवढी नाही.

अनुस्वार

अवांतर: मनात वाचण्यावरून आठवलं. चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनने मिलानच्या बिशप अँब्रोजबद्दल लिहून ठेवलंय की तो वाचताना डोळे पानावरून फिरत, पण ओठ आणि जीभ स्थिर असे. हे त्याला नोंदवण्याजोगं वाटलं! म्हणजे एके काळी बेडूक मोठ्याने वाचणारेच बहुसंख्य असणार.

मोजपट्टी

अवांतराला अवांतर: त्या एका नोंदीवरून "तेव्हा कोणालाच मनात वाचता येत नव्हतं" असं म्हणणं आता अभ्यासक मानत नाहीत. प्राचीन ग्रीकांतही मूक वाचनाचे दाखले आहेत. पण दालनात दहा जण मोठ्याने वाचतायत हे चित्र भारी आहे.

खडूस

ढकला सगळं फरशीवर. आमच्या वेळी मोठ्यांच्या एका नजरेत गप्प व्हायचो.

बासन

खडूस, तुमच्या वेळी तुम्ही बहुधा आतच येत नव्हतात. मी ३१ वर्षं वाचनालयात काढली, आधी देवघेवला, मग ग्रंथपाल म्हणून. जुनी शांतता मुलांच्या शिस्तीमुळे होती असं सगळे सांगतात. बऱ्याच ठिकाणी मुलं नव्हती म्हणून शांतता होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांत बारा किंवा चौदा वर्षांखालच्यांना प्रवेशच नव्हता. १८९६ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेच्या ग्रंथालयात मुलांसाठी मुद्दाम आखलेली खोली सुरू झाली आणि ॲन कॅरोल मूर ही तिथली ग्रंथपाल. बुटक्या खुर्च्या, हात पोचेल एवढ्याच उंचीची कपाटं. पुढे १९०६ पासून ती न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातलं मुलांचं सगळं काम बघायला लागली, तेव्हा तिने शाखाशाखांतल्या "शांतता" लिहिलेल्या पाट्या उतरवल्या आणि त्या जागी पुस्तकांतली चित्रं चौकटी करून लावली. मुलांना मोकाट सोडलं असं मात्र नाही. पुस्तक घरी न्यायचं तर एका मोठ्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, आणि नाव लिहिलं की पुस्तकं सांभाळण्याचं, नियम पाळण्याचं वचन दिलं. माझ्या मते पाटीपेक्षा ती वही जास्त कामाची होती.

"जो वाचत नाही त्याचं काय काम" याला आमच्या धंद्यात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे पाच नियम आडवे येतात, १९३१ चे. दुसरा: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. त्यात वय लिहिलेलं नाही. पण चौथा नियम आहे वाचकाचा वेळ वाचवा, आणि तो शेवटचा_बाक यांच्या बाजूने आहे. एक परिच्छेद चार वेळा वाचावा लागला, म्हणजे वाचकाचा वेळ गेला. आम्ही दुसरा नियम भाषणात वापरतो आणि चौथा विसरतो.

आता माझं स्वतःचं. पानखूण यांनी जी रचना सांगितलीये तीच आमची होती: बालविभाग सगळ्यात मागे, "म्हणजे त्रास नको". झालं काय, प्रत्येक मूल जाताना आणि येताना वाचणाऱ्यांच्या मधून जायचं. त्यात दारापासून बालविभागापर्यंत सरळ, रुंद, मोकळा बोळ. लहान मुलाला असा बोळ दिसला की ते पळणारच, बोळच त्याला पळ म्हणतो. दहा वर्षं मी "पळू नकोस" म्हणत होते. मग एका सुट्टीच्या दिवशी शिपायांना घेऊन बालविभाग उचलून दारापाशी आणला, देवघेवच्या शेजारी. तिथे तसाही शिक्क्यांचा, बोलण्याचा आवाज असतोच. वाचायची टेबलं मागे नेली. मधे पुस्तकांच्या उंच मांडण्यांच्या तीन ओळी आडव्या लावल्या आणि बोळाच्या मधोमध एक बुटकी मांडणी ठेवली. पळणं त्या आठवड्यातच निम्म्यावर आलं. "पळू नकोस" ही पाटी कपाटात गेली.

दुसरी गंमत पुस्तकं पडण्याची. आम्ही लहान मुलांची पुस्तकंही कणा बाहेर ठेवून लावायचो, मोठ्यांच्यासारखी. चित्रांचं पुस्तक असं लावलं की बोटभर पट्टी दिसते. मग मूल एकेक ओढून बघतं आणि एकाबरोबर सहा खाली येतात. धडाधड. सगळे वळून मुलाकडे बघतात. ती चूक मांडणीची. मुखपृष्ठ समोर ठेवून लावायला लागलो, पुस्तकं कमी मावली, पण धडाधड थांबली.

सगळं जमलं असं समजू नका. गोष्टींचा तास मी हौसेने शनिवारी सकाळी ठेवला, तोही परीक्षांच्या तोंडावर. अभ्यास करणारी मुलं चाल करून आली माझ्यावर. बरोबर होतं त्यांचं. तास नंतर हलवला नाही, कारण नोकरी करणारे आईबाप एरवी येऊच शकत नाहीत, पण महिनाभर आधी फळ्यावर लिहायला लागले. आवाज होणार हे आधी माहीत असेल तर तोच आवाज माणूस वेगळ्या तऱ्हेने सोसतो. काही जण तेव्हा घरी थांबायचे, काही जण गोष्ट ऐकायला यायचे.

आणि पानखूण, "कसं सांगायचं" याचं माझं उत्तर: आईबापाला मुलासमोर आणि चारचौघांत बोलायचं नाही. तिथे अपमान होतो आणि ते परत येत नाहीत. आधी मुलाच्या उंचीला वाकायचं आणि त्याला काम द्यायचं. माझ्याकडे तारखेचा शिक्का होता. "तुझ्या पुस्तकावर तू शिक्का मारणार का? मग हळूऽ चालत ये, शाई सांडते." शाई सांडत वगैरे काही नव्हती. पण तीन वर्षांचं मूल पाऊल मोजत यायचं, दोन्ही हातांनी शिक्का धरायचं आणि धप्प. आवाज एकच.

पानखूण

बासनताई, बोळाचं वाचून उठून बसलो. आमच्याकडे हुबेहूब तसंच आहे.

उगवती

बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. तो घशातून "हम्म्म" असा आवाज काढतो. आनंदात असला की जास्त. पुस्तकात नकाशे दिसले की खूपच. हा आवाज सांगून थांबत नाही, आणि जोर करून थांबवला तर तो पुस्तकच मिटतो. तीन वर्षांचा होता तेव्हा लोक हसून बघायचे. नऊ वर्षांच्या मुलाला गोडपणाची सवलत मिळत नाही. आता वळून बघतात ते माझ्याकडे.

आणि त्यालाच दुसऱ्यांचे आवाज सोसत नाहीत. खुर्ची खर्रकन सरकली की दोन्ही कानांवर हात. त्यामुळे या धाग्यात मी नक्की कोणत्या बाजूला हे मला ठरवता आलेलं नाही. आम्ही मंगळवारी दुपारी अडीचला जातो, तेव्हा दालन रिकामं असतं. नकाशांच्या कपाटाशेजारी त्याची जागा ठरलेली आहे. तिथे कोणी बसलेलं असलं की आम्ही परत येतो.

शेवटचा_बाक

उगवती, खरं सांगतो, तसा एका सुरातला आवाज मला नडत नाही. थोड्या वेळाने तो पंख्यात जमा होतो. मधेच फुटणारा आवाज नडतो. मोजपट्टी, याला काही आधार आहे, की माझंच डोकं असं?

मोजपट्टी

आधार आहे. एकसुरी आवाजाची मेंदूला सवय होते. सतत बदलत राहणाऱ्या आवाजाची होत नाही, मग तो हळू का असेना. म्हणून दोन मोठ्या माणसांची कुजबुज कधी कधी लहान मुलाच्या बडबडीपेक्षा जास्त त्रास देते.

खडूस

म्हणजे कोणालाच काही बोलायचं नाही. मस्त. पाटी बदला, वाचनालय काढा, पाळणाघर लिहा.

दोनपिल्लंवाली

उगवतींच्या प्रतिसादाखाली हे लिहायला बोटं कशी धजतात हो तुमची? तुमच्यासारख्यांमुळेच ते बाबा उठून गेले.

संपादक

व्यक्तिगत शेरेबाजी टाळावी. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

खडूस

उगवती, तुम्हाला उद्देशून नव्हतं. माफी.

वय ७४. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. यंत्र लावलं म्हणजे कान जुन्यासारखे होतात असं लोकांना वाटतं. यंत्राला माहीत नसतं मला काय ऐकायचंय. पान उलटल्याचा आवाज, खुर्ची, बूट, सगळं उचलून कानात ओततं. तो चूं मला खिळा ठोकल्यासारखा लागतो. काढून ठेवलं तर देवघेववरची बाई काय विचारतेय ते कळत नाही, आणि मी भलतंच उत्तर देतो, मग मागचे हसतात. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून वाचनालयात जातो. सहानुभूती नको, माहिती म्हणून दिली.

मोजपट्टी

माहिती म्हणूनच: बऱ्याच यंत्रांत गोंगाटाच्या जागेसाठी वेगळी जुळणी करून मिळते आणि अचानक येणारे तीव्र आवाज दाबायची सोयही असते. यंत्र जिथून घेतलं तिथल्या श्रवणतज्ज्ञाला "वाचनालयात बसतो, तिथे असं होतं" एवढं नेमकं सांगून बघा. नुसतं "त्रास होतो" म्हटलं की ते सरसकट आवाज कमी करून देतात.

खडूस

बरं.

अनुस्वार

वातावरण हलकं करायला एक खरी गोष्ट. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात डॉक१ नावाचं मोठं ग्रंथालय आहे, २०१५ मध्ये उघडलेलं. आत सुमारे तीन टनांची नळीसारखी घंटा टांगली आहे. शहरातल्या रुग्णालयात बाळ जन्मलं की आईबाप तिथलं एक बटण दाबतात आणि ग्रंथालयात घंटा वाजते. वाचणाऱ्यांना कळतं, एक आला.

खडूस

दिवसाला किती जन्मतात तिथे?

शेवटचा_बाक

काका, हा तुमचा पहिला प्रतिसाद ज्याला मी +१ देतोय.

दोनपिल्लंवाली

वेळ वाटून घेण्याचं काय? सकाळ अभ्यासवाल्यांची, दुपार मुलांची, असं काहीतरी.

बासन

करून पाहिलंय. कागदावर छान दिसतं. लहान मुलं दुपारी झोपतात आणि शाळेतली मुलं पाचनंतर येतात, तेव्हाच नोकरीवरून सुटलेले वाचकही येतात. शेवटी सगळ्यांना तेच दोन तास हवे असतात. जागा वेगळी करता आली तर आधी जागा करावी. वेळ वाटायची ती अगदीच नाइलाज असेल तेव्हा.

पानखूण

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

गेले तीन शनिवार मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावून बसलो. मोजपट्टी यांनी व्यक्तिगत निरोपात आधीच दम दिलाय की असली ॲप खरे आकडे दाखवत नाहीत, फार तर तुलना करा. म्हणून आकडे देत नाही. सगळ्यात वर निघालं लोखंडी कपाटाचं दार. संदर्भाचं कपाट, त्याचं बिजागर गेलंय, बंद करताना लाथ घालावी लागते आणि ती घालतात खुद्द कर्मचारी. त्याच्या खालोखाल खुर्च्या. आमच्या, मोठ्यांच्या. दर पाच-सात मिनिटांनी कोणीतरी उठतं आणि खर्रर्र. मग कार्यालयातला फोन. एक चारेक वर्षांची मुलगी एका पुस्तकावर खदखदून हसली, ती फोनच्याही खाली आली. इतक्या वर्षांत कपाटाला मी एकदाही शू केलेलं नाही.

तरी शेवटचा_बाक म्हणतोय तेही दिसलं. तिसऱ्या शनिवारी दोन भावंडं टेबलाखाली शिरून अर्धा तास भांडत होती, आई समोर बसून मासिक वाचत होती. मी वाकून धाकट्याला म्हटलं, "मला ते वाघाचं पुस्तक सापडत नाही, शोधून देतोस?" त्याने सरळ "नाही" म्हटलं. बासनताई, सगळ्यांना जमत नाही हो ते.

हत्तीचं पुस्तक शोधून काढलं. त्याच्या शेवटच्या पानावरच्या, तारखांच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का आठ महिन्यांपूर्वीचा आहे. ते बाबा आणि तो मुलगा तीनही शनिवारी दिसले नाहीत.

ग्रंथपालांशी बोललो. बोळ, बुटकी मांडणी, बालविभाग पुढे आणणं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज द्या." तो आता लिहायला बसलोय आणि "विषय" या शब्दापुढे अडलोय. सगळं एकदम मागितलं तर काहीच मिळणार नाही असं वाटतं.

खडूस

विषय: खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसविणेबाबत. स्वस्तातलं आधी मागा, मांडण्यांचं दुसऱ्या अर्जात. "महोदय" नंतर थेट मुद्द्यावर या, बुटांची कहाणी नको. खुर्च्या मोजा, चारने गुणा, नेमका आकडा लिहा. आकडा असला की कागद पुढे सरकतो. मी आयुष्यभर असे अर्ज नाकारायच्या टेबलावर बसलो होतो, मला माहीत आहे.

पानखूण

४२ खुर्च्या. १६८ टोप्या.

बासन

बालविभागातल्या बुटक्या खुर्च्या धरल्यात का?

पानखूण

नाही. उद्या जाऊन मोजतो.